आकडा शेवटी बघा, आधी शेगडी आणि पाइप मोजा

गेल्या अंकात ‘चिमणी घेताना काय बघावं, ते विचारा’ असं लिहिलं होतं. बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या बऱ्याच जणींचं दुखणं तेच आहे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी अठरा वर्षं जळगावात स्वयंपाकघरं बसवून देते. त्याआधी वडिलांच्या पत्र्याच्या दुकानात कूलरच्या बॉड्या वाकवायला शिकले. हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, हे आधी बघायची सवय तिथेच लागली.

प्रश्न : आमचं स्वयंपाकघर १० बाय ८ फुटांचं, छत १० फूट. घरात सात माणसं, शेगडी तीन बर्नरची. आठवड्यातून दोनदा शेवभाजी नाहीतर डुबुकवडे होतातच आणि वाटण परतताना धूर बैठकीपर्यंत जातो. दुकानदार म्हणतो, ६० सेंटिमीटरची, १४०० सक्शनची चिमणी घ्या. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने सूत्र मांडून २२७ पुरे होईल म्हणून सांगितलं. एवढा फरक कसा? कोणाचं ऐकू?
– एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : ताई, भाच्याचं गणित बरोबर आहे. १० गुणिले ८ गुणिले १० म्हणजे ८०० घनफूट, म्हणजे साधारण २२.७ घनमीटर. खोलीतली हवा तासाला दहा वेळा बदलायची, म्हणून गुणिले १०. झाले तासाला २२७ घनमीटर. दुकानदाराचे १४०० ही याच मापाचे. हे सूत्र सगळीकडे सांगतात. पण त्यात धरलेलं असतं की धूर आधी खोलीभर पसरणार आणि मग हळूहळू बाहेर जाणार. चिमणीचं काम त्याच्या आधीचं. धूर कढईवरून उठला की खोलीत मिसळायच्या आत तो धरायचा. एकदा तो बैठकीच्या पडद्यात बसला की मग कितीही हवा ओढा, पडद्याचा वास जायचा नाही.

आता तुमच्याकडे नेमका कोणता धूर होतो ते बघू. फोडणीचा धूर मिनिटभराचा असतो. शेवभाजीचं तसं नाही. कांदा गॅसच्या जाळावर काळा होईपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं भाजायचं, काळा मसाला घालून वाटायचं आणि ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. तर्री यायला हवी तर घाई चालत नाही. पंधरा-वीस मिनिटं तापलेलं तेल बारीक बारीक थेंबांनी हवेत जात राहतं. कपाटाच्या वरच्या फळीवर बोट फिरवलं की जो चिकट पिवळा थर लागतो, तो हाच. म्हणून खान्देशातल्या घराला पुस्तकी आकड्यापेक्षा जास्त ओढ लागते, हे दुकानदाराचं म्हणणं मी मान्य करते. पण त्याने तुमच्या शेगडीकडे बघितलेलं नाही, आणि तिथे तो चुकला.

आधी रुंदी. तीन बर्नरची शेगडी साधारण ७० ते ७८ सेंटिमीटर रुंद असते. मोठे बर्नर दोन्ही कडांना, बारका मध्ये मागे. तुमची मोठी कढई कडेच्याच बर्नरवर बसणार ना? ६० ची चिमणी वर लावली तर त्या कढईची बाहेरची कड चिमणीच्या बाहेर राहते, आणि नेमका तिथूनच धूर निसटतो. धूर वर जाताना पसरत जातो, हे उदबत्तीवरही दिसतं. म्हणून चिमणी शेगडीएवढी तरी हवीच, दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जास्त असेल तर उत्तम. तुम्हाला ७५ ची लागेल, वरच्या कपाटांत जागा निघत असेल तर ९० ची. ६० ची दोन बर्नरवाल्यांनी घ्यावी. रुंदी कमी पडली तर ती मोटर वाढवून भरून निघत नाही, हे मी फार घरांत बघितलं आहे.

ओट्याच्या खोलीकडेही, म्हणजे पुढून मागच्या अंतराकडेही, लक्ष द्या. ओटा दोन फूट खोल असतो. शेगडी पुढच्या काठाला ओढून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, म्हणजे मागे तेलाचा डबा आणि मिसळणाचा डबा ठेवता येतो. ती भिंतीकडे सरकवा, कढईचा पुढचा काठ चिमणीच्या कडेखाली आला पाहिजे. चिमणी आणून झाल्यावर एवढी एक गोष्ट फुकटात सुधारता येते.

उंची शेगडीच्या पृष्ठापासून २६ ते ३० इंच. त्याहून खाली आणली तर डोकं आपटतं, शिवाय कढईतल्या तेलाने कधी पेट घेतला तर ज्वाळा तेलकट जाळीला पोचते. कंपनीच्या पुस्तिकेत कमीत कमी उंची दिलेली असते, तिच्या खाली जाऊ नका. ३० च्या खूप वर नेली तर धूर तिथे पोचेपर्यंत पसरलेला असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण दोन-तीन पत्रांत तसं विचारलं आहे. खापरावरचे मांडे, तुराट्यांवर भाजायची भरताची वांगी, वर्षाचा मसाला करताना भाजायच्या मिरच्या, या तीन कामांसाठी चिमणी मोजू नका. खापर चुलीवर, अंगणातच बरं. ती कामं वर्षातून मोजकी असतात आणि चार बाया मिळून करायच्या असतात. चिमणी रोजच्या ओट्यासाठी घ्या.

आता ताकद. चिमणीच्या खोक्यावर १०००, १२००, १४०० असे आकडे असतात, ते तासाला किती घनमीटर हवा ओढते याचे. एक घनमीटर म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी. १००० सक्शन म्हणजे तासाला अशा हजार टाक्या भरतील एवढी हवा. तुमचं अख्खं स्वयंपाकघर जेमतेम तेवीस टाक्यांचं आहे, म्हणून भाच्याला १४०० चा आकडा वेडगळ वाटला असणार.

पण शेगडीवरून हिशेब करायची दुसरी रीत आहे. अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटचा साधा नियम आहे : भिंतीलगतच्या शेगडीला रुंदीच्या दर फुटामागे मिनिटाला १०० घनफूट. तुमची शेगडी अडीच फूट, म्हणजे २५०. मिनिटाच्या एका घनफुटाचे तासाला १.७ घनमीटर होतात, म्हणून झाले ४२५. आपल्या परतण्यासाठी मी त्यावर निम्मं आणखी धरते, म्हणजे ६४० च्या आसपास. हा माझा ठोकताळा आहे, काम करता करता बसलेला. आणि ही ओढ पाइपमधून खरोखर बाहेर जायला हवी. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात जोरात फिरवून, फारशी अडवणूक नसताना मोजलेला असतो. घरी जाळी आली, पाइप आला, वळणं आली की तो बराच उतरतो. म्हणून तुम्हाला मी १००० ते १२०० ची सांगेन आणि ती रोज मधल्या वेगावर चालवा म्हणेन. १४०० ला माझी हरकत नाही, पण तेवढ्यासाठी रुंदी सोडून देऊ नका. दुकानदाराला सांगा, ७५ ची १२०० मधली दाखव.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं आहे. पत्रात पाइपबद्दल एक शब्द नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. भुसावळला एका घरी चिमणी बसवायची होती. भिंतीत जुना चार इंची पीव्हीसी पाइप होता, चिमणीचं तोंड सहा इंची. भिंत फोडायला नको म्हणून मी सहाचा चार करणारा रिड्युसर लावला आणि निघून आले. आठ दिवसांनी त्या घरच्या आजींनी बोलावलं. त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या, ‘धूर घरमा, आवाज गावमा.’ आणि खरंच, चिमणी घुमत होती, कढईवरचा धूर मात्र तिच्या काठाला लागून पुढे सरकत माझ्या डोळ्यांसमोर छताला चालला होता.

घरी येऊन हिशेब मांडला. सहा इंची पाइपचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असतं. हजार घनमीटर हवा सहा इंचीतून न्यायची तर ती ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने धावते. तीच चार इंचीतून न्यायची तर १२० च्या वर धावायला हवी. तेवढा जोर त्या पंख्यात नव्हताच. म्हणून हवा कमी गेली आणि जी गेली ती शिट्टी वाजवत गेली. दुसऱ्या आठवड्यात कोअर कटिंगचं मशीन घेऊन गेले, सहा इंची भोक पाडलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तीच चिमणी, तीच मोटर. आजींनी स्वतः मिरचीची फोडणी घालून बघितली आणि मग मला चहा दिला.

तेव्हापासून मी कुठल्याही घरात आधी भिंत बघते. तुम्हीही बघा. चिमणीपासून बाहेरपर्यंत पाइप किती फूट आहे आणि किती वळणं घेतो? सहा-सात फूट आणि एक वळण असेल तर निश्चिंत राहा. पंधरा फूट आणि तीन वळणं असतील तर शेगडीचीच जागा बदलता येते का ते बघा, कारण प्रत्येक काटकोन ओढ खातो. अॅल्युमिनिअमचा सुरकुत्यांचा पाइप लावणार असाल तर तो पूर्ण ताणून लावायला सांगा आणि उरलेला कापून टाकायला लावा. बरेच कारागीर जास्तीचा पाइप कपाटाच्या माथ्यावर गुंडाळी करून सोडतात. त्या गुंडाळीत तेल साचतं. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पावसाळ्यात थेंब उलटे कढईत येतात. बाहेरच्या तोंडाला झडप हवी, आणि ते तोंड शेजारच्यांच्या खिडकीसमोर नसावं.

शेवटचं, हवेच्या येण्याचं. चिमणी जेवढी हवा बाहेर काढते तेवढी आत यायला हवी. दार-खिडक्या गच्च लावून चिमणी चालवली तर ती नुसती धापा टाकते. चिमणीच्या अगदी शेजारची खिडकी उघडू नका, तिथली झुळूक धूर ढकलते. समोरच्या भिंतीची किंवा बैठकीकडची उघडा. मे महिन्यात आपल्याकडे लू सुरू झाली की कोणी खिडकी उघडत नाही, ते मलाही माहीत आहे. पण तेव्हा बैठकीत कूलर असतो आणि तो बाहेरची हवा आत ढकलतच असतो, ती स्वयंपाकघरापर्यंत येऊ द्या. फक्त कूलरचा झोत थेट शेगडीवर येऊ देऊ नका, आणि परतताना छताचा पंखा बंद ठेवा.

चिमणी बसली की कारागीर जायच्या आत एक उदबत्ती पेटवा. कडेच्या बर्नरच्या पुढच्या काठाशी धरा. मधल्या वेगावर धूर चिमणीकडे झुकला तर पैसे द्या.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. पाइप न लागणारी, कोळशाच्या फिल्टरची चिमणी मिळते, ती घ्यावी का?
– एक नोकरदार, धुळे

उत्तर : भाऊ, माझं मत विचाराल तर घेऊ नका. ती चिमणी हवा ओढते, जाळीत तेल अडवते, कोळशात वास अडवते आणि तीच हवा पुन्हा घरात सोडते. उष्णता, वाफ आणि गॅस जळून निघणारे वायू घरातच राहतात. कोळसाही दर काही महिन्यांनी बदलावा लागतो आणि ते कोणी बदलत नाही. त्यापेक्षा खिडकीची वरची एक काच काढून तिथे एक्झॉस्ट फॅन बसवू द्या म्हणून मालकांना विचारा. काच जपून ठेवा, घर सोडताना परत लावून द्या. शेगडी त्या खिडकीच्या जवळ घ्या. कमी पैशात जास्त काम होईल.

प्रश्न : आमचं गाव मिरचीचं, घरात सगळ्यांना झणझणीत लागतं. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की चिमणी चालू असूनही सगळे खोकतात. शिवाय दोन वर्षांत चिमणीतून तेल गळायला लागलं. ‘ऑटो क्लीन’ आहे, तरी असं का?
– एक शिक्षिका, नंदुरबार

उत्तर : ताई, मिरचीचा ठसका धुराच्या आधी येतो. डोळ्यांना काही दिसायच्या आतच घशाला लागतो. म्हणून तवा ठेवायच्या आधी पाच मिनिटं चिमणी सुरू करा, म्हणजे हवेची वाट बसलेली असते, आणि मिरच्या उतरवल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या. बहुतेक जणी खोकला आला की बटण दाबतात आणि तवा उतरवला की बंद करतात. तव्याची जागाही बघा. मिरच्यांचा तवा चिमणीच्या मध्यावर येणाऱ्या बर्नरवर ठेवा.

तेलाचं असं आहे. ऑटो क्लीन म्हणजे आतली कॉइल तापते, पंख्याच्या घरात चिकटलेलं तेल पातळ होतं आणि खालच्या कटोरीत उतरतं. ती कटोरी तुम्हीच रिकामी करायची असते. कटोरी भरली की तेल काठावरून येतं. आणि कॉइल पाइप साफ करत नाही. तुमच्या मॉडेलला जाळी असेल तर तीही नाही. कटोरी दर पंधरा दिवसांनी बघा. पट्ट्यापट्ट्यांचं स्टीलचं बॅफल फिल्टर असेल तर महिन्यातून एकदा कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवून ठेवा, तेल आपोआप सुटतं. पण बारीक विणीची अॅल्युमिनिअमची जाळी सोड्यात टाकू नका, ती काळी पडते आणि झिजते. तिला भांड्याचा साबण आणि कढत पाणी पुरे. एवढं करूनही गळत असेल तर पाइपचा उतार उलटा असणार, तो तपासून घ्या. आणि पुढची चिमणी घ्याल तेव्हा विणलेल्या जाळीची घेऊ नका, आपल्या तेलाने तिचे डोळे फार लवकर बुजतात.

प्रश्न : शेतात नवं घर बांधतोय. स्वयंपाकघर आणि बैठक एकच, मिळून २० बाय १४ फूट. एवढ्या मोठ्या जागेला सगळ्यात जोरदार चिमणी लावायचं ठरवलं आहे. आवाज किती होईल? स्वयंपाकघराला लागूनच न्हाणीघर आहे, तिथे गॅस गिझर आहे.
– एक केळी बागायतदार, रावेर

उत्तर : भाऊ, बाकीचं नंतर. आधी गिझर.

गॅस गिझर जळताना हवा खातो आणि जळलेले वायू सोडतो. हवा पुरी मिळाली नाही तर त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला नुसतं गरगरतं आणि दाराची कडी काढायचंही सुचत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर मुळातच धोक्याचा. त्यात शेजारी जोरदार चिमणी चालू असली आणि घराच्या खिडक्या बंद असल्या की चिमणी दाराखालच्या फटीतून न्हाणीघरातली हवा ओढते. न्हाणीघराच्या झरोक्यातून किंवा गिझरच्या नळीतून जे बाहेर जायला हवं, ते उलटं आत येतं. जितकी चिमणी मोठी, तितकी ही ओढ मोठी. हिवाळ्यात सकाळी सहाला घरात काय चाललेलं असतं ते आठवा. एक जण आंघोळीला, दुसरी डब्याच्या भाजीला, आणि थंडी म्हणून सगळं बंद.

घर अजून बांधून व्हायचं आहे, ही चांगली गोष्ट. गिझर न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, वर छोटं छप्पर करून लावा आणि गरम पाण्याचा नळ तेवढा आत घ्या. नाहीतर गच्चीवर सौर बंब बसवा, रावेरला उन्हाची कमी नाही. हे ठरल्याशिवाय चिमणीचं बुकिंग करू नका.

आता चिमणी. खोली मोठी आहे म्हणून मोठी चिमणी लागत नाही. अमळनेरच्या ताईंना लिहिलं तेच, चिमणी शेगडी बघून घ्यायची. उघड्या खोलीत एवढं मात्र खरं की निसटलेला धूर थेट सोफ्यावर जातो, म्हणून तुम्ही रुंदी एक पायरी वर घ्या. शेगडी चार बर्नरची असेल तर ९० ची. ताकद १२०० च्या आसपास. शेगडी भिंतीला लागूनच ठेवा. मधोमध ओटा करायची सध्या आवड आहे, पण तिथे चारी बाजूंनी झुळूक लागते. त्याच अमेरिकी नियमात भिंतीलगत १०० आहेत तिथे मधल्या ओट्याला फुटामागे १५० धरतात, म्हणजे दीडपट ताकद, आणि पाइपही छतातून न्यावा लागतो. शेवभाजीच्या घरात मी तो करत नाही.

आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणून ५८ आणि ६५ मधला फरक बारीक समजू नका. बैठक तिथेच असल्याने तुम्हाला तो रोज ऐकायचा आहे. १२०० ची मधल्या वेगावर चालवली तर बोलता येतं. मांडणी चालू आहे तोवर भिंतीत सहा इंची, जमलं तर आठ इंची तोंड ठेवून घ्या, गवंड्याला आत्ता अर्धा तास लागेल.

आणि जुन्या घरात, जिथे सध्या राहताय, तिथेही गॅस गिझर आत असेल तर नवं घर होईपर्यंत घरात सांगून ठेवा : न्हाणीघरात कोणी असताना चिमणी लावायची नाही, खिडकी उघडायची, आणि बादली भरून घेऊन गिझर बंद करूनच दार लावायचं.